वर्ध्याचा अहवाल आणि झाकीर साहेब

वर्धा शिक्षण योजनेच्या अहवालावर २ डिसेंबर १९३७ ही तारीख आहे. हिजरी दिनदर्शिकेचा हिशेब लावून पाहिला तर ते रमजानचे शेवटचे दिवस होते, ईद दोन-तीन दिवसांवर आली होती. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत, मातृभाषेतून आणि हाताला काम देत कसे शिकवायचे, याचा आराखडा त्या महिन्यात एका समितीने तयार केला. समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. आज बहुतेकांना ते भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून माहीत आहेत. जुन्या फोटोतली शेरवानी आणि पांढरी दाढी डोळ्यांपुढे येते. पण त्यांच्या आयुष्याची ऐन तीस वर्षे दोन शिक्षणसंस्था सांभाळण्यात गेली आणि वर्ध्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते गांधीजींच्या तोंडावर त्यांच्याशी असहमती दाखवल्यानंतर. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

झाकीर साहेबांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. घराणे आफ्रिदी पठाणांचे, मूळ गाव उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातले कायमगंज. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करत. ते १९०७ मध्ये वारले तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परतले. चार वर्षांनी, १९११ मध्ये, प्लेगने आई नाझनीन बेगमही गेल्या. मुलगा तेव्हा इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात होता. पोरक्या मुलाला घर मिळाले ते शाळेतच. पुढे आयुष्यभर शाळेकडे घर म्हणून पाहण्याची त्यांची जी रीत होती, तिचे मूळ इथे असावे असे मला वाटते.

इटाव्याहून ते अलिगढला, मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात आले. हुशार, हजरजबाबी, वादविवादात पुढे. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी आणि अलीबंधू असहकाराचा निरोप घेऊन अलिगढला आले, सरकारी मदतीवरचे कॉलेज सोडा म्हणून सांगायला. झाकीर त्या दिवशी प्रकृती दाखवायला दिल्लीला डॉ. अन्सारींकडे गेले होते. परतले तेव्हा काही विद्यार्थी पाहुण्यांची टिंगल करत होते. चरित्रकार सांगतात की त्या टिंगलीचीच त्यांना जास्त लाज वाटली. असहकार पटो वा न पटो, पण देशासाठी पदर पसरायला आलेल्या माणसांची थट्टा करावी, हे त्यांना सहन झाले नाही. एम.ए.चे शिक्षण आणि हातातली अध्यापकाची नोकरी सोडून ते बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढच्याच मशिदीत मौलाना महमूद हसन देवबंदी यांच्या हस्ते नव्या राष्ट्रीय संस्थेची सुरुवात झाली. जामिया मिल्लिया इस्लामिया हे तिचे नाव. मौलाना मुहम्मद अली पहिले कुलगुरू, हकीम अजमल खान कुलपती. इमारती नव्हत्या, वर्ग तंबूंत भरत.

१९२२ मध्ये झाकीर साहेब जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठातून १९२६ मध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेतली, विषय हिंदुस्थानातली शेतीव्यवस्था. फावल्या वेळात कावियानी छापखान्यात बसून स्वतः खिळे जुळवत गालिबच्या दिवाणाची एक देखणी छोटी आवृत्ती त्यांनी छापून घेतली. पण जर्मनीतून त्यांनी आणलेली खरी गोष्ट म्हणजे म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनस्टायनर यांचा विचार. शाळा पुस्तकांची नव्हे, कामाची असावी. एकत्र काम करताना मूल दुसऱ्याचे ऐकायला आणि आपले म्हणणे मांडायला शिकते. लोकशाहीतला नागरिक तिथे घडतो, असा तो विचार होता.

इकडे असहकार ओसरला, खिलाफत चळवळ संपली, जामियाचा पैसा आटला. १९२५ मध्ये संस्था अलिगढहून दिल्लीच्या करोलबागेत आणली गेली, आणि ती बंदच करावी अशी भाषा सुरू झाली. झाकीर साहेबांनी जर्मनीतून तार केली की आपण आणि काही मित्र संस्थेला आयुष्य द्यायला तयार आहोत, आपण येईपर्यंत ती बंद करू नका. १९२६ च्या सुरुवातीला आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या मित्रांसह ते परतले आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हकीम अजमल खान वारले. पदरचे घालून संस्था चालवणारा माणूस गेला. १९२८ मध्ये जामियाच्या अध्यापकांनी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे इथेच शिकवू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. झाकीर साहेब स्वतः त्याहूनही कमी घेत, आणि तेही दर महिन्याला मिळेलच असे नसे.

याच ओढगस्तीच्या काळात कुणीतरी सुचवले की संस्थेच्या नावातला इस्लामिया हा शब्द काढला तर हिंदू देणगीदारांकडून पैसा मिळणे सोपे जाईल. या सूचनेला सगळ्यात ठाम विरोध केला तो गांधीजींनी. तो शब्द जाणार असेल तर आपल्याला या संस्थेत रस नाही, असा त्यांचा पवित्रा होता. जामियाला मदत करणाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते, गांधीजींचे पुत्र देवदास तिथे काही काळ शिकवायला होते. नाव होते तसे राहिले आणि माणसेही येत राहिली. एकोप्यासाठी आपापली ओळख पुसून टाकावी लागते असे मानणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमतरता नव्हती, आजही नाही. जामियाचे गणित वेगळे होते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी आणखी एक पेच आला. अध्यापक आणि मोठी मुले चळवळीत उडी घ्यायला उतावीळ होती. झाकीर साहेबांचा निर्णय असा की ज्याला जायचे त्याने आपल्या जबाबदारीवर, संस्थेतून मोकळे होऊन जावे. संस्था मात्र शाळा म्हणूनच राहील. शफीकुर्रहमान किदवईंसारखे सहकारी तुरुंगात गेले. त्यांचा मान कमी झाला नाही, आणि मागे राहून वर्ग घेणाऱ्यांना कुणी भेकड ठरवले नाही. बाहेर सगळा देश पेटलेला असताना हे सांभाळणे सोपे नसणार.

जामियाची प्राथमिक शाळा हा झाकीर साहेबांचा सगळ्यात जिवाचा कोपरा. विद्यापीठाचा कुलगुरू बालवर्गात जमिनीवर बसलेला दिसे. अब्दुल गफ्फार मुधोळी नावाचे एक कल्पक शिक्षक तिथे होते. मुलांची बँक, मुलांचे दुकान आणि मुलांचे सरकार, सगळे शाळेतच. सरकारात निवडून आलेली मुले स्वच्छतेपासून तंट्यांपर्यंतचा कारभार पाहत. वाद होत, आणि ते मुलांनीच मिटवायचे असत. १९३३ च्या सुमारास बर्लिनची ओळख असलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या ज्यू बाई जर्मनी सोडून इथे आल्या आणि वसतिगृहातल्या लहानग्यांच्या आपाजान झाल्या. मुसलमान मुलांना न्हाऊमाखू घालणारी ही ज्यू बाई दहा वर्षे तिथेच राहिली आणि १९४३ मध्ये तिथेच वारली. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. मोठमोठे पाहुणे हजर असताना तो मान देण्यात आला शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याला.

बुटांची गोष्ट तर जामियात अजून सांगतात. मुलांनी स्वच्छ कपड्यांत, बूट पुसून यावे असे वारंवार सांगूनही कुणी मनावर घेईना. एके सकाळी कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येईल त्याचे बूट चमकवू लागले. दुसऱ्या दिवसापासून सांगावे लागले नाही. अशा गोष्टी सांगणाऱ्यागणिक थोड्या बदलतात. पण ज्या माणसाबद्दल त्या सांगितल्या जातात तो माणूस त्यातून कळतो.

मुलांसाठी त्यांनी गोष्टीही लिहिल्या, त्यातल्या काही आपल्या वारलेल्या लहान मुलीच्या नावाने. अब्बू खाँ की बकरी ही त्यातली सर्वांत गाजलेली. मूळ कल्पना फ्रेंच लेखक दोदे यांची. चांदनी नावाची बकरी दावे तोडून डोंगरावर पळते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजून पहाटे मरते. झाकीर साहेबांच्या गोष्टीत झाडावरचे पक्षी मग वाद घालतात की जिंकले कोण. बहुतेकांच्या मते लांडगा. एक म्हातारा पक्षी मात्र चांदनीच जिंकली म्हणून अडून बसतो. लहान मुलांच्या गोष्टीत शेवटी एकमत न होऊ देणारा लेखक विरळाच.

आता वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. शिक्षण सर्वांना द्यायचे तर पैसा कुठला, हा प्रश्न होता. तेव्हा दारूच्या उत्पन्नातून शाळा चालत, आणि गांधीजींना दारूबंदीही हवी होती. त्यांनी तोड सुचवली की मुले सूतकताईसारखा उद्योग शिकतील आणि त्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघेल. शाळा आपल्या पायावर उभी राहील.

परिषदेत बहुतेक जण भारावलेले होते. झाकीर साहेब उभे राहिले ते दोन हरकती घेऊन. पहिली अशी की कामातून शिक्षण ही कल्पना नवी नाही, जगात इतरत्र शिक्षक हे करून पाहत आहेत, तेव्हा तिला अगदी अभूतपूर्व म्हणायचे कारण नाही. दुसरी हरकत जास्त टोकदार होती. शाळेने स्वतःचा खर्च कमवायचा असे ठरले तर शिक्षक मुलांकडून राबवून घेऊ लागतील. मुलाच्या हाताकडे पाहणारा मास्तर त्याच्या मनाकडे पाहणार नाही. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनीही आक्षेप घेतले. महात्म्याच्या घरी जाऊन, त्याच्याच अध्यक्षतेखाली, त्याच्या आवडत्या कल्पनेची अशी चिरफाड करणे हे आपल्या सभांच्या रीतीत बसणारे नव्हते.

आणि गांधीजींनी काय केले? अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून याच टीकाकाराला बसवले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन, आशादेवी आणि आर्यनायकम असे दिग्गज होते. आक्षेप घेणारे के. टी. शहाही होते. यातल्या कित्येकांची मते एकमेकांच्या उरावर बसणारी. तरी सव्वा महिन्यात अहवाल तयार झाला. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूळ उद्योगाला, मातृभाषेला चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणिताला मिळून चाळीस, असा तपशील त्यात आहे. सर्व धर्मांबद्दल आदर वाटावा असा समाजशास्त्राचा अभ्यास आहे. आणि ज्यावरून झाकीर साहेबांनी वाद घातला होता ते कलमही आहे, पण वेगळ्या वळणाने. समितीने लिहिले की ही योजना खर्चाच्या बाबतीत स्वावलंबी ठरली नाही तरी शिक्षण म्हणून ती स्वीकारण्याजोगी आहे. कमाईच्या नादात शिक्षणाचा बळी जाण्याचा धोकाही तिने स्पष्ट नोंदवला. म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचा आक्षेप दस्तऐवजातच शिरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने नव्या शिक्षणाचा ठराव केला, हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला, सेवाग्रामला त्याचे ठाणे आणि झाकीर साहेब अध्यक्ष.

आमच्यात मतभेदाला इख्तिलाफ म्हणतात, आणि तो अभ्यासाचा विषय मानतात. इमाम अबू हनीफा यांचे पट्टशिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी कितीतरी मसल्यांत गुरूंच्या विरुद्ध मत दिले आहे. हनफी ग्रंथांत गुरूचे आणि शिष्यांचे अशी दोन्ही मते शेजारी शेजारी लिहिलेली सापडतात, खोडलेले कुठलेच नाही. आज रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजेत रकाती आठ की वीस यावरून गल्लीगल्लीत जे आवाज चढतात, ते ऐकून ही परंपरा आपलीच का, असा प्रश्न पडतो. असो.

वर्धा योजनेवरून झाकीर साहेबांच्या वाट्याला खरे दुखणे आले ते स्वतःच्या समाजाकडून. शाळेत धर्मशिक्षण नाही, अहिंसेवर भर आहे, एका पक्षाचे विचार मुलांच्या गळी उतरवले जात आहेत, असे मुस्लिम लीगचे म्हणणे होते. १९३८ च्या पीरपूर अहवालात या योजनेवर कठोर टीका झाली. त्यात आपल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली. आमच्या मुलांनी मंदिरात शिकायचे का, असा सवाल मुसलमान विचारू लागले, आणि दोन्ही योजनांची सरमिसळ झाली. शाळेला मंदिर म्हणणे ही मराठी-हिंदीत साधी लकब आहे. पण ज्यांना आधीच धास्ती वाटत होती त्यांना ते नाव टोचणार हे ओळखायला हवे होते, असे मला वाटते. झाकीर साहेब मधल्यामध्ये सापडले. लीगवाल्यांच्या लेखी ते काँग्रेसचे माणूस, आणि काँग्रेसमधल्या काहींच्या लेखी अखेर एका इस्लामिया संस्थेचे चालक. त्यांनी योजना सोडली नाही आणि टीकाकारांशी बोलणेही सोडले नाही.

१९४६ मध्ये हंगामी सरकारात मुसलमान मंत्री म्हणून त्यांचे नाव निघाले तेव्हा जीनांनी व्हाइसरॉयपुढे त्यांच्याबद्दल फार कडवट शब्द वापरला आणि नाव साफ नाकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव होता. कलकत्ता, नोआखाली, बिहार पेटलेले. झाकीर साहेबांनी जीनांना निमंत्रण दिले, आणि जीना आले. एका व्यासपीठावर एकीकडे नेहरू, मौलाना आझाद, राजगोपालाचारी. दुसरीकडे जीना, लियाकत अली खान. त्या काळात ही माणसे समारंभासाठी एकत्र येणे जवळजवळ अशक्य झाले होते, आणि ती आली एका शाळामास्तराच्या बोलावण्यावरून. झाकीर साहेबांनी त्यांची स्तुती केली नाही. देशाला लागलेली आग आधी विझवा, ती कुणी लावली याचा हिशेब मागाहून करा, माणुसकी जळत असताना आम्ही मुलांना सभ्यता कशी शिकवायची, असे त्यांनी त्या सगळ्यांना समोरासमोर विचारले. ऐकणाऱ्यांपैकी काहींचे डोळे भरून आले म्हणतात. आग काही विझली नाही.

ती त्यांच्यापर्यंतही आली. ऑगस्ट १९४७ मध्ये विश्रांतीसाठी काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरले. एका शीख कॅप्टनने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने मध्ये पडून त्यांना वाचवले. सप्टेंबरात करोलबागेतला जामियाचा पुस्तकांचा साठा जळाला. दिल्लीत येताच गांधीजी ओखल्याला जामियाची विचारपूस करायला गेले.

१९४८ च्या अखेरीस अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांच्याकडे आले. ज्या आवारातून ते अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाहेर पडले होते, तेच हे. फाळणीच्या मागणीत अलिगढचे विद्यार्थी पुढे होते, त्यामुळे सगळ्या देशाचा राग विद्यापीठावर. अनेक अध्यापक पाकिस्तानात गेलेले, उरलेले धास्तावलेले. जुने हिशेब चुकते करायला याहून चांगली संधी नव्हती. त्यांनी ते काढलेच नाहीत. १९५६ पर्यंत ते तिथे होते. याच काळात उत्तर प्रदेशात उर्दूला स्थान मिळावे म्हणून त्यांनी वीस लाखांहून अधिक सह्या गोळा करवल्या आणि १९५४ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांकडे निवेदन नेले. मोर्चा नाही, जाळपोळ नाही. संविधानातले कलम आणि सह्यांचे गठ्ठे. हाती फारसे लागले नाही, तरी वाट त्यांनी बदलली नाही.

पुढची पदे सर्वांना ठाऊक आहेत. १९५७ पासून बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. राष्ट्रपती भवनातही गुलाबांचे आणि निरनिराळ्या दगडांचे वेड होतेच. चंदीगडची मोठी गुलाबबाग त्यांच्याच नावाने आहे. वर्धा योजनेचे सरकारी शाळांत जे झाले त्याबद्दलची निराशा मात्र त्यांनी नंतरच्या व्याख्यानांतून लपवली नाही. टकळ्या आल्या, तास भरले, पण मुलाच्या मनाकडे पाहणारा मास्तर आला नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला त्यांनी व्यक्त केलेली भीती जवळपास तशीच खरी ठरली.

३ मे १९६९ रोजी, कार्यकाळाची दोन वर्षेही पुरी झाली नसताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पदावर असताना वारलेले ते पहिले राष्ट्रपती. दफन ओखल्याला जामियाच्या आवारात झाले. त्यांच्या मुलांच्या सरकारात आपाजान असलेल्या गेर्डाबाईंची कबरही जामियाच्याच कबरस्तानात आहे.